रिकामी गिरणी कुणाचीही पळते

बोरमळ्याच्या भागीरथीबाईंशी वाद घालायचा असेल तर गिरणी चालू असताना घालू नये. त्यांना ऐकू येत नाही असं नाही. त्यांना सगळं ऐकू येतं. पंचवीस वर्षं त्या घरघरीत उभं राहून त्यांचे कान असे तयार झालेत, की ओट्यावरच्या दोन बायका कुणाच्या सुनेबद्दल कुजबुजतायत ते त्या पट्ट्यावरची नजर न हलवता सांगतील. ऐकू येत नाही ते समोरच्याला. तो ओरडून आपला मुद्दा मांडतो, बाई नाकातोंडावरचा पदर न काढता एका वाक्यात काहीतरी उत्तर देतात, ते त्याला कळत नाही, आणि तो मान डोलावून पीठ घेऊन घरी जातो. आपण हरलो हे त्याच्या लक्षात येतं ते डबा खाली ठेवताना.

श्रीगोंदा तालुक्यातल्या ऊसपट्ट्यातलं हे गाव. भागीरथीबाईंचे यजमान भीमराज साखर कारखान्यात वजनकाट्यावर आहेत. दिवसभर उसाच्या गाड्या तोलणाऱ्या या माणसाचं स्वतःचं पारडं मात्र कुठल्याच बाजूला फार वेळ झुकत नाही. शेवटचं जो बोलेल त्याचं खरं, हा त्यांचा स्वभाव. घरात शेवटचं कोण बोलतं हे ठरलेलं असल्यामुळे संसार सुखाचा झाला.

गिरणी टाकली तेव्हा गावातल्या काही जाणत्यांनी ठरवलं होतं, की बौद्धवस्तीच्या तोंडाशी असलेल्या गिरणीत आपलं दळण न्यायचं नाही. चार किलोमीटरवर शेजारच्या गावी न्यायचं. भागीरथीबाई कुणाला काही बोलल्या नाहीत. रोज सकाळी आठला गिरणी उघडायच्या, वस्तीतल्या आठ-दहा घरांचं दळायच्या आणि उरलेला वेळ दगडाला टाकी लावत बसायच्या. टाकी लावायची म्हणजे छिन्नीनं ठोकून ठोकून गुळगुळीत झालेल्या दगडाला पुन्हा दाते पाडायचे. दोन महिने गिऱ्हाईक नाही आणि टाकी चालू. दगड असा झाला की ज्वारीचं पीठ हातातून पाण्यासारखं निसटावं. इकडे चार किलोमीटर डोक्यावरून दळण वाहणाऱ्या बायकांच्या मानांनी बंड पुकारलं. जाणत्यांच्या मानांचा प्रश्न नव्हता, त्यांनी आयुष्यात दळण उचललंच नव्हतं. पहिल्या आल्या त्या जाणत्यांतल्याच आप्पासाहेबांच्या आई, छबूबाई. डबा ओट्यावर आपटून म्हणाल्या, "दळ गं बाई. भाकरीला कुटं ठावं हुतंय कुनी दळलं ते."

"ठावं व्हायला पायजे काकू," भागीरथीबाई म्हणाल्या. "मी नाव सांगूनच दळती."

आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावली. रंगाऱ्यानं अक्षरं लहान काढली म्हणून त्याच्याकडून पुन्हा काढून घेतली.

गिरणीच्या मोटारीचीही एक हकिकत आहे. नगरच्या दुकानदारानं मोटार, दगड, पट्टा सगळं जोडून बटण दाबलं, यंत्र भिंगरीसारखं फिरलं, भीमराजांनी खिशात हात घातला. बाईंनी तो खिशातच धरून ठेवला. बरोबर आणलेलं ज्वारीचं पोतं पुढं सरकवलं आणि म्हणाल्या, "रिकामी गिरनी कुनाचीबी पळती. दाना टाका, मंग बोला." पोत्याच्या मध्यावर मोटार कण्हायला लागली आणि अर्ध्या तासात तिच्यावर हात ठेववेना. दुकानदारानं निमूट दुसरी काढली. तीच आजतागायत चालू आहे.

तर अशा बाईंना एकुलती एक मुलगी. यशोधरा. नगरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, सिव्हिल शाखेत, होस्टेलवर. ती शनिवारी गावी आली ती तोंड पाडून. दोन दळणं झाली, तिसरं टाकलं, तरी पोरगी ओट्याच्या कडेला नखानं चुना उकरत बसलेली. भागीरथीबाईंनी मोटार बंद केली. गिऱ्हाईक समोर असताना त्या मोटार बंद करतात ही फार मोठी गोष्ट आहे.

"बोल."

यशोधरानं सांगितलं ते असं. प्रोजेक्टसाठी चौघांचा गट. हिनं विषय सुचवला: बोरमळ्याच्या ओढ्यावरचा पूल. पावसाळ्यात तो ओढा भरून आला की अलीकडची पोरं अलीकडं आणि शाळा पलीकडं, हे तिनं दहा वर्षं स्वतःच्या चपला हातात घेऊन बघितलेलं. सरांना विषय आवडला. पण पुलाचं मॉडेल कॉम्प्युटरवर उभं करायचं, आणि गटातल्या तिन्ही पोरांकडं लॅपटॉप, हिच्याकडं नाही. लॅबमधली यंत्रं संध्याकाळी पाचला बंद. तेव्हा गटाचा म्होरक्या प्रशांत यानं कामं वाटली. मॉडेल पोरांनी करायचं. यशोधरानं फाईलचं कव्हर करायचं, बॉर्डर वगैरे काढून, कारण तिचं अक्षर छान आहे.

"पूल कुनाच्या डोक्यातला?" आईनं विचारलं.

"माझ्या."

"मग कव्हर कुनी करायचं?"

"आई, त्यांनी अजून सुरुवात नाही केली. पंधरा दिवसांनी सरांना दाखवायचंय. तोवर मी माझं मॉडेल उभं केलं तर ते माझं. नाहीतर कव्हर."

भागीरथीबाईंनी मोटार पुन्हा चालू केली. तिच्या आवाजात काहीतरी एक वाक्य म्हणाल्या. यशोधराला ते ऐकू आलं, कारण ती त्यांचीच मुलगी. "सोमवारी नगरला जायचं."

मिरची कांडपाच्या हंगामातले चाळीस हजार बाईंनी वेगळे ठेवले होते. त्यात बसणारा आणि पूल पेलणारा लॅपटॉप पाहिजे, एवढंच ठरलं. पण गावात एखादी गोष्ट ठरली की सल्ला यायला वेळ लागत नाही, आणि बोरमळ्यात सल्ला म्हणजे आप्पासाहेब. ते दळणाचा डबा घेऊन कधी येत नाहीत. दळण घेऊन त्यांची बायको येते आणि सल्ला घेऊन ते.

"भागीरथीबाई, पोरींनी हलकंफुलकं वापरावं," ते ओट्यावर बसत म्हणाले. "आमच्या भाच्यानं घेतलाय. पातळ, पापडावानी. एका बोटानं उचलतो."

"तळून बघितला का?"

"काय?"

"पापड म्हनलात म्हनून इच्यारलं."

भीमराजांना मात्र पापडाची कल्पना पटली. शनिवारी रात्री ते जेवताना म्हणाले, "पातळच बघू." रविवारी कारखान्यात कुणीतरी ब्रँडचं नाव सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "कंपनी महत्त्वाची." सोमवारी सकाळी एसटीत बसेपर्यंत त्यांचं मत सात वेळा बदललं होतं, आणि दर वेळी ते ठाम होते.

निघताना भागीरथीबाईंनी मुलीला विचारलं, "दळन घेतलंस का?"

"कसलं दळण?"

"तुजं. आपलं दळन आपन न्यायचं. त्येंच्या घरच्या दान्यावर यंत्र बघायचं नसतं."

यशोधरानं थोडा विचार केला आणि पेन ड्राइव्ह शोधून पर्समध्ये टाकला. त्यात लॅबमधून घेतलेलं फुकटचं सॉफ्टवेअर होतं आणि पुलाची तिनं अर्धीमुर्धी उभी केलेली फाईल. वाटेत तिनं आईला समजावलं की रेंडर नावाचा एक प्रकार असतो. सगळ्या रेघा, सळया, सिमेंट, ऊन, सावली आत घालायची आणि यंत्र ते एकजीव करून शेवटी खऱ्यासारखं चित्र बाहेर काढतं. त्याला फार जोर लागतो.

"म्हंजे दळायचंच की," बाई म्हणाल्या, आणि पुढचा सगळा प्रवास निश्चिंत झोपल्या.

सावेडीतलं ते दुकान काचेचं होतं. आत इतका गारवा की भीमराजांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. मालक अमृतशेठ हसतमुख माणूस. त्यांनी तिघांकडं एकदा पाहिलं, बजेट विचारलं, आणि एक चंदेरी लॅपटॉप दोन बोटांत धरून काउंटरवर ठेवला. खरंच पापड होता. यशोधराच्या चेहऱ्यावर चंदेरी उजेड पडला. होस्टेलच्या तिच्या खोलीत दोघींकडं अस्सेच होते.

"मुलींची पहिली पसंती," अमृतशेठ म्हणाले. "वजन नाही, आवाज नाही, दिसायला बघा. बेचाळीसचा आहे, तुमच्यासाठी चाळीस. आणि मावशी, आज सेलचा शेवटचा दिवस आहे."

"माजाबी सेल हाय," भागीरथीबाई म्हणाल्या. "चाळीस हजाराचा. त्योबी आज सांजच्याला बंद हुतोय."

भीमराज म्हणाले, "छान आहे की," आणि खिशाकडं हात गेला. बाईंनी नुसतं पाहिलं. हात परत आला. पंचवीस वर्षांचा सराव.

"चालवून दाखवा," बाई म्हणाल्या.

अमृतशेठनी बटण दाबलं. आठ सेकंदांत पडदा उजळला, निळ्या समुद्राचं चित्र आलं, एक गाणं वाजलं, दोन-तीन खिडक्या उघडल्या आणि मिटल्या. "बघा स्पीड."

"ही रिकामी पळतीय."

"म्हणजे?"

"दाना टाका. यशे, काढ तुजं."

यशोधराचे कान लाल झाले. दुकानात आणखी चार गिऱ्हाइकं होती, त्यातले दोघे तिच्याच वयाचे. ती खालच्या आवाजात म्हणाली, "आई, असं दुकानात नाही करत कुणी."

"कुनी करत न्हाई म्हनून तर ह्येंचं फावतंय."

"मावशी, हा डेमो पीस आहे," अमृतशेठ म्हणाले.

"डेमो म्हंजे?"

"दाखवायचा."

"मग दाखवा की."

अमृतशेठनी लॅपटॉप पुढं सरकवला. पेन ड्राइव्ह लागला. पूल पडद्यावर आला: दोन खांब, मधली कमान, खाली ओढ्याची निळी रेघ. यशोधरानं रेंडरचं बटण दाबलं आणि कोपऱ्यात टक्के मोजायला सुरुवात झाली. भागीरथीबाईंनी स्टूल ओढलं, पदर खोचला आणि डाव्या हाताचा पंजा लॅपटॉपच्या पोटाखाली घातला, तसाच जसा त्या रोज सकाळी मोटारीवर ठेवतात.

पहिले दहा टक्के भुर्रकन गेले. अमृतशेठनी भुवया उंचावून पाहिलं. वीस. तेवीस. मग यंत्राला कापरं भरलं. टक्का हलेना. बाईंनी हात काढला, पदरानं पुसला, परत घातला. "तापली."

"एसीत कशी तापेल, मावशी."

"हात घाला."

अमृतशेठनी हात घातला आणि जरा घाईनंच काढला. मागचे दोघे तरुण आपलं बघायचं सोडून इकडं सरकले होते. एकतीस टक्क्यांवर पडदा पांढरा पडला आणि एक चौकट आली. यशोधरानं ती वाचली आणि आईला सांगितलं, "जागा पुरत नाही म्हणतोय. आठच जीबी रॅम आहे. ग्राफिक कार्डही वेगळं नाही." तिचा आवाज बदलला होता. मघाची लाज त्यातून गेली होती आणि तिच्या जागी आईच्या आवाजात असते तसली धार आली होती.

"शेट, ह्यो चांगला हाय," बाई समजुतीनं म्हणाल्या. "कुनाला पत्रं लिवायची असतील त्येला द्या."

अमृतशेठना वाईट वाटलं. माणूस वाईट नव्हता. त्याचं एवढंच होतं की त्याच्या दुकानात आजवर कुणी स्वतःचं दळण घेऊन आलं नव्हतं. ते म्हणाले की जोरदार यंत्रं आहेत, पण साठ-सत्तरच्या पुढं जातात, चाळीसमध्ये हेच बसतं, हा बाजाराचा नियम आहे. भीमराज म्हणाले, "बाजाराचा नियम आहे म्हणतात." यशोधरानं पेन ड्राइव्ह काढून मुठीत धरला. कव्हरची बॉर्डर कुठल्या रंगाची करायची, हे तिच्या तोंडावर आत्ताच दिसायला लागलं होतं.

भागीरथीबाई मात्र हलल्या नाहीत. मान जराशी तिरकी करून ऐकत होत्या. दुकानाच्या मागच्या बाजूला पडदा होता आणि पडद्यामागून एक आवाज येत होता. बारीक, सलग, घशातला. सगळ्यांना तो मघापासून ऐकू येत होता, पण एसीचा समजून कुणी कान दिला नव्हता.

"आत काय चाललंय?"

"दुरुस्तीचं टेबल आहे."

"न्हाई. आत एक यंत्र लोडवर हाय. लई येळ झाला. दमलं न्हाई अजून." आणि परवानगी वगैरे न घेता बाई पडदा बाजूला करून आत गेल्या.

आत रंगनाथ नावाचा चष्मेवाला कारागीर सोल्डरिंगची सळई धरून बसला होता. त्याच्या शेजारी चार काळे, जाड, कोपरे घासलेले लॅपटॉप. एक चालू होता आणि घूं करत होता.

"किती येळ झाला ह्येला?" बाईंनी विचारलं.

"सकाळी दहापासून. एका गिऱ्हाइकाचे लग्नाचे व्हिडिओ करतोय."

बाईंनी हात घातला. गरम होता, पण धरवत होता. मागच्या जाळीतून ऊनऊन वारा सारखा बाहेर येत होता. "श्वास घेतंय," त्या म्हणाल्या.

मागोमाग अमृतशेठ आले. "मावशी, ती जुनी आहेत. पुण्याच्या एका डिझाइनवाल्या ऑफिसनं काढून टाकलेली. कॉलेजच्या मुलीच्या हातात शोभत नाहीत."

"मीबी जुनीच हाय. माजी गिरनी तर माज्याहून शोभत न्हाई." मग रंगनाथकडं वळून, "दादा, तू सांग. ह्यात वाईट काय?"

रंगनाथनं मालकाकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं आणि खरं बोलायचं ठरवलं. "बॅटरी थकलीय. तास-दीड तासाच्या वर जात नाही. वजन अडीच किलोच्या वर. आवाज करतो. बाकी सोळा जीबी रॅम आहे, ग्राफिक कार्ड वेगळं आहे, आणि हे बनवलंच दिवसभर राबायला."

"दोष आधी सांगनारा गडी आज पयल्यांदा भेटला," बाई म्हणाल्या. "चारी चालू कर."

चारी चालू झाले. पेन ड्राइव्ह फिरला, चारही पडद्यांवर बोरमळ्याचा पूल उभा राहिला आणि चारी यंत्रं एकदम घुमायला लागली. बाईंनी डोळे मिटले. दुकानातली गिऱ्हाइकं दाराच्या पडद्याला चिकटून उभी. बाईंनी बोटानं तिसरा दाखवला. "ह्येचं बेरिंग गेलंय."

"मावशी, यात बेरिंग नसतं," अमृतशेठ म्हणाले.

"असतं," रंगनाथ म्हणाला. "पंख्यात असतं." त्यानं तो उलटा करून चार स्क्रू काढले. पंखा बोटानं फिरवला. तो एका अंगाला डुगडुगत होता. अमृतशेठनी स्वतः जाऊन चहा सांगितला.

दुसऱ्या क्रमांकाच्या यंत्रानं सव्वीस मिनिटांत पूल पूर्ण केला. ऊन, सावली, ओढ्याचं पाणी, सगळ्यासकट. यशोधरा बघतच राहिली. तिच्या डोक्यातला पूल तिनं पहिल्यांदाच बाहेर पाहिला होता.

"उचल आता कोनचा घ्यायचा त्यो," आई म्हणाली. "तुजं दळन, तुजं यंत्र. पापड पायजे आसंल तर पापड घे. मी कायबी म्हननार न्हाई."

हे शेवटचं वाक्य खोटं होतं हे तिघांनाही माहीत होतं. पण यशोधरानं काउंटरकडं पाहिलंसुद्धा नाही. दोन्ही हातांनी तो काळा ठोकळा उचलून तिनं छातीशी धरला.

किंमत चौतीस हजार. घासाघीस करताना बाईंनी पैसे कमी करायला सांगितलंच नाही. त्या म्हणाल्या, "पैसं पुरं घ्या. नवी बॅटरी घाला, पंख्याची जाळी साफ करून द्या, आन बिलावर तुमच्या हातानं लिवा की वरीसभर काय बिघडलं तर फुकट दुरुस्त." अमृतशेठ म्हणाले, जुन्या मालाला लेखी गॅरंटी देत नाही. बाई म्हणाल्या, बरं, मग मी बसते. आणि बसल्या. स्टूल दाराच्या तोंडाशी होतं. आत येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या आपुलकीनं सांगायला लागल्या, "घ्या, बघून घ्या. आपलं दळन आनलंय न्हवं?" तिसऱ्या गिऱ्हाइकाला अमृतशेठनी पेन काढलं.

गावात उतरताच आप्पासाहेब ओट्यावर हजर. त्यांनी लॅपटॉप उचलायचा प्रयत्न केला, एका बोटानं जमलं नाही, दोन्ही हात लावले. "ह्यो लॅपटॉप हाय का पाटा?"

"पाटाच हाय," भागीरथीबाई म्हणाल्या. "वाटायला आनलाय."

यशोधराला त्याच क्षणी काम सुरू करायचं होतं. आठवडाभर घरी राहून मॉडेल उभं करायचं, असं तिनं ठरवलं होतं. पण आईनं अडवलं. टाकी लावलेल्या दगडावरचं पहिलं दळण घरात न्यायचं नसतं. त्यात दगडाची कच असते. पहिलं दळण टाकून द्यायचं आणि मग घरचं घालायचं. "ह्याच्यावरचं पयलं चित्र सरास्नी दाखवायचं न्हाई. कायतरी फुटकळ कर. यंत्राला तुजा हात कळू दे, तुला त्येचा."

"आई, यात कच नसते."

"कच सगळ्यात आसती. दिसती उशिरा."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. यशोधरानं पुलाची एक कच्ची नक्कल करून रेंडर लावला आणि ती जेवायला गेली. लॅपटॉप ठेवला होता गिरणीला लागून असलेल्या खोलीत. भागीरथीबाई आल्या. यंत्र एकटं घूं करत होतं आणि हवेत नेहमीसारखं पिठाचं धुकं तरंगत होतं. बाईंना माया आली. चौतीस हजाराचं यंत्र आणि उघड्यावर. त्यांनी पिशवीतलं धुतलेलं जाड मांजरपाट काढलं आणि दुधाच्या पातेल्यावर घालावं तसं वरून, बाजूनं, मागून नीट खोचून झाकलं.

दहा मिनिटांनी घूं थांबली.

यशोधरा हात न धुताच आली. कापड काढलं. आतून भट्टीसारखी वाफ आली आणि पडदा काळा. "आई, गुदमरली ती. मागच्या जाळीतून श्वास घेते, तूच म्हणालीस ना दुकानात."

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा भागीरथीबाईंना उत्तर सुचलं नाही. चार यंत्रांतलं गेलेलं बेरिंग कानानं ओळखणारी बाई, आणि तिनंच आपल्या हातानं पंख्याच्या तोंडाला बोळा लावला होता. भीमराज दारात उभे होते. शेवटचं बोलायची अशी संधी त्यांना पुन्हा मिळाली नसती. पण त्यांनी बायकोच्या तोंडाकडं पाहिलं आणि नुसतंच म्हणाले, "गार होईल. थांबू."

तिघंही खाली बसून थांबले. अर्ध्या तासानं यशोधरानं बटण दाबलं. घूं झालं. केलेलं सगळं मात्र पुसलं गेलं होतं.

"गेलं," यशोधरा म्हणाली.

"काय गेलं?"

"मघाचं सगळं."

"ते पयलं दळन हुतं," भागीरथीबाई म्हणाल्या. कापडाची घडी घातली, ती दूर कपाटात ठेवली आणि त्यांचा आवाज परत जागेवर आला. "टाकायचंच हुतं. आता घरचं घाल."

त्या दिवसापासून यंत्र मागच्या खोलीत गेलं, जिथं पीठ पोचत नाही. यशोधरा काम करायची आणि मधल्या भिंतीपलीकडं गिरणी. दोन्हींची घूं एकमेकांत मिसळायची. दळायला आलेल्या बायका विचारायच्या, आत काय चालतंय, तर भागीरथीबाई सांगायच्या, "पूल. आपल्याच वड्यावरचा." छबूबाई आता नव्वदीच्या. काठी टेकत आत जाऊन पडद्यात डोळे घालून बघून आल्या आणि म्हणाल्या, "कठडा हुंच ठिव गं. पोरं वाकत्यात." यशोधरानं तो अर्ध्या फुटानं वाढवला.

आठव्या दिवशी ती होस्टेलला गेली. निघताना ठोकळा पाठीवर होता आणि पोरगी किंचित पुढं वाकून चालत होती, डोक्यावर पायली असलेल्या बाईसारखी नव्हे, धक्का मारायला निघालेल्या माणसासारखी.

पंधराव्या दिवशी दुपारी भागीरथीबाईंनी गिरणी बंद ठेवली. ओट्यावर तीन डबे रांगेत होते, आप्पासाहेब तिथंच होते, भीमराज रजा टाकून घरी होते आणि फोन मधोमध उपड्या पाटीवर ठेवला होता. पावणेचारला तो वाजला. बाईंनी स्पीकर लावला.

"आई, ऐक. आधी प्रशांतनं माझं मॉडेल त्याच्या लॅपटॉपवर लावलं. अर्ध्यावर बंद पडलं. तो सरांना म्हणाला, एवढं मोठं मॉडेल लॅपटॉपवर होतच नाही, नुसते नकाशे घ्या. मग माझा काढला. सगळे हसले. प्रशांत म्हणाला, ही काय गिरणी आणलीय."

"तू काय म्हनलीस?"

"म्हटलं, हो. आमचीच आहे. दळून बघ."

आप्पासाहेबांनी काहीतरी सल्ला द्यायला तोंड उघडलं. भागीरथीबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. फोनमध्ये पोरीच्या आवाजामागं, खुर्च्यांच्या आवाजामागं, कुणाच्या तरी खोकल्यामागं एक बारीक, सलग, घशातला आवाज होता. त्यांनी मान तिरकी केली. बेरिंग ठीक होतं. दम ठीक होता. लोड पूर्ण होता.

"सर काय म्हणाले?" भीमराजांनी विचारलं.

"अजून काही नाही, पप्पा. सगळे पडद्यासमोर उभे आहेत. ऐंशी टक्के झालंय. प्रशांत विचारतोय, कठडा एवढा उंच का केला." पलीकडून कुणीतरी तिला हाक मारली. "ठेवते, आई. त्यांना सांगते. कव्हरचं नंतर बघू, ते कुणाचं अक्षर चांगलं असेल तो करील."

फोन बंद झाला. भागीरथीबाई उठल्या, पदर नाकातोंडावर बांधला, पहिल्या डब्याचं झाकण काढलं.

"मग? जमलं का पोरीला?" आप्पासाहेबांनी विचारलं.

बाईंनी मोटार चालू केली आणि तिच्या आवाजात एका वाक्यात उत्तर दिलं. आप्पासाहेबांना ते कळलं नाही. त्यांनी मान डोलावली.